भैरूमामांचा गुळाचा खडा

चिंचवडच्या एका फाउंड्रीत आमचे भैरूमामा ओतकामाचे साचे फोडून वाळू झाडायचे. शिफ्ट सुटली की कंपनी प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायची. गुळानं छातीतली धूळ धुऊन निघते, अशी सगळ्यांची खात्री. "गूळ खा राव, काय बी होत न्हाई!" असं मामा खोकणाऱ्याला ऐटीत सांगायचे. घरी मंजुळामामी त्यांचे धुळीनं माखलेले कपडे दारात फटाफट झटकायची.

अठ्ठ्याहत्तर साली खोकला लागला तो मामीला. छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या फाउंड्रीत?"

मामी हसत सुटली. मामा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते आपला खडा रुमालात बांधून तिच्यासाठी आणू लागले.

आणि आमची मामी तो खडा चघळत, पहिल्यासारखीच त्यांचे कपडे झटकत राहिली.