फकिराभाऊंचं भारमान

श्रीधररावांना फकिराभाऊ गायके फार थोडे माहीत होते. गारखेड्यात एकाच गल्लीत समोरासमोर बारा वर्षं राहूनही त्यांना एवढंच सांगता येईल : जन्म हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या साली, गाव पाचोडजवळ, आणि एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर. घरी कोणकोण असतं, हे विचारायचंही राहूनच गेलं.

गल्लीत अकरा घरं आणि नऊ मोटारी. त्या दोन्ही कडेला उभ्या, त्यामुळे रिक्षा आत शिरत नसे. श्रीधररावांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. कोपऱ्यापर्यंत चालवत न्यायचं, वाटेत दोनदा कुणाच्या तरी पायरीवर बसवायचं. पुढं पुढं तेवढंही जड जाऊ लागलं. मोटारी हलवा म्हणून शेजाऱ्यांना सांगणं श्रीधररावांना जमलं नाही. एकदा बाई निघाल्या निघाल्याच समोर फकिराभाऊंच्या पायरीवर बसल्या, तेव्हा त्यांनी कारण विचारलं. श्रीधररावांनी सांगितलं. फकिराभाऊ "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. चौघे शेजारी चितेगावच्या कारखान्यांत एकाच पाळीला जात, चार मोटारींतून. पहिली बद्रीनाथची. फकिराभाऊंनी हात केला.

"शिटा पाच अन् एकच पॅसेंजर? भारमान काय पडतं याचं?"

"माझी गाडी आहे, भाऊ."

"एसटी तर माझी नव्हती, तरी रिकामी नाय नेली. ही तर तुमची सोताची हाय."

मागच्या तिघांना त्यांनी त्याच मोटारीत बसवलं, सगळ्यात जाड माणूस पुढं, आणि टपावर दोन थापा मारल्या. आठवडाभरात सवय झाली. कोणत्या दिवशी कुणाची मोटार, हे फकिराभाऊच ठरवत.

एक मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. उरलेल्या तीन मोटारी आता दिवसभर गल्लीतच उभ्या राहू लागल्या. सायकलसुद्धा अडकू लागली. श्रीधररावांना हे दिसत होतं, पण सांगायचं कसं? शेवटी प्रमोदिनीबाईंनीच सांगितलं. फकिराभाऊ ओशाळले. एसटीत गाडी डेपोत कुठं लावायची, हे ड्रायव्हर बघायचा, कंडक्टर नव्हे.

गल्लीजवळच्या देवळामागं आप्पासाहेब नावाच्या गृहस्थांचा मोठा प्लॉट मोकळा पडला होता. तिथं मोटारी लावू द्या म्हटल्यावर आप्पासाहेब नाही म्हणाले. फकिराभाऊंनी वाद घातला नाही. मंगळवारी सकाळी दहाला चहाला या, एवढंच म्हणाले. आप्पासाहेब आले आणि चहा पिता पिता त्यांना प्रमोदिनीबाईंचं कोपऱ्यापर्यंत जाणं सबंध बघावं लागलं. चहा निम्मा राहिला. रविवारी सगळ्या गल्लीनं मिळून प्लॉटवरच्या बाभळी तोडल्या आणि मोटारी तिकडं गेल्या. दोघांनी तर मोटारी विकल्याच. प्लॉटपर्यंत चालायचं तर बसच्या थांब्यापर्यंत का नको, असं त्यांचं म्हणणं.

रिक्षा दाराशी यायला लागली. श्रीधरराव दोन महिने आभाराचं वाक्य मनात जुळवत होते. ते जरा लांबलं होतं.

फकिराभाऊ एका शुक्रवारी झोपेतच गेले. त्याआधीच्या मंगळवारी ते नेहमीसारखे रिक्षाशेजारी उभे होते. श्रीधररावांनी घसा साफ केला. तेवढ्यात फकिराभाऊ म्हणाले, "वैनी, पाय आत घ्या. सायेब, टोपी हाय का? ऊन लई हाय."

"आहे. पिशवीत आहे."

"डोक्यावर घाला मंग."

"घालतो," श्रीधरराव म्हणाले.