सगळ्यात मागचा माणूस

भावोजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, मी चाळीसेक वर्षं ओळखत होतो असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर त्यांच्या चहात साखर किती लागते एवढंच मला नक्की ठाऊक होतं, आणि तेही ताईमुळे. भाचीने गळ घातली, “मामा, तू शेजारी राहायचास, बाबांबद्दल तूच लिही,” म्हणून बसलोय. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला मजकूर सोडला तर मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. चूकभूल गृहीत धरावी.

ते सैन्यात होते हे सगळ्यांना माहीत होतं. तिथे नेमकं काय करायचे, ते मला त्यांच्या निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी तुकड्यातुकड्यांनी कळलं. चौघांची टोळी असायची. सीमा ओलांडून शत्रूच्या मुलखात शिरायचं, उंचावर कुठेतरी खड्डा करून त्यात पडून राहायचं आणि बघायचं. गाड्या किती गेल्या, तोफा कुठे हलवल्या, ते वायरलेसवर कळवायचं. गोळी झाडायची वेळ आली म्हणजे काम फसलं असं समजायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. खाण्याची पाकिटं तर सोडाच, पोटातून बाहेर पडलेलंसुद्धा पिशवीत भरून परत आणायचं. हे ऐकून मी तोंड वाकडं केलं, तेव्हा ते म्हणाले, “काय कारकून, तुझ्या कचेरीतसुद्धा घाण जपूनच ठेवतात की. फक्त वर शिक्का असतो.”

चौघांत भावोजी सगळ्यात मागे चालायचे. मागच्या माणसाचं काम पुसायचं. वाकलेलं गवत उभं करायचं, पावलांचे ठसे मोडायचे, सरकलेला दगड शेवाळाची बाजू वर करून पुन्हा बसवायचा. हात इतका सरावला की घरीही थांबेना. ते उठून गेले की खुर्चीवरच्या उशीला खड्डा नसायचा. पलंगावर कुणी झोपलं होतं हे सांगूनही खरं वाटायचं नाही. ताई म्हणायची, “नांदतेय मी, पण या घरात नवरा आहे याला पुरावा म्हणून ही एक पोरगी. मांजरसुद्धा जाताना पाय वाजवतं.”

भावोजी हसायचे. त्या हसण्यालाही आवाज नसायचा.

मग एके दिवशी त्यांच्या जुन्या साहेबांचा फोन आला. दोन्ही सरकारांचं काहीतरी जुळलं होतं. युद्धात पलीकडे राहिलेल्यांचे अवशेष शोधायला परवानगी मिळाली होती आणि इतकी वर्षं जे बोलायला बंदी होती ते आता बोलता येणार होतं. साहेब स्वतः आले. सोबत एक बाई होत्या. भावोजींच्या टोळीत ज्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे त्याची बायको. रेडिओ वायरलेस सांभाळायचा म्हणून नव्हे, छावणीत असला की तोंड बंद ठेवायचा नाही म्हणून ते नाव. तो सरावाच्या वेळी पुरात वाहून गेला, असं तिला सांगितलं गेलं होतं. आता साहेबांनी तिला खरं सांगितलं होतं. तो पलीकडच्या एका डोंगरावर मेला आणि तिथेच पुरला गेला. पुरणाऱ्या तिघांपैकी भावोजी एकटे उरले होते.

ताईने मला कपबश्या धरायला बोलावलं होतं, म्हणून मी तिथे. जेवणाच्या टेबलावर साहेबांनी नकाशा पसरला. कोपऱ्यांवर मीठदाणी आणि पाण्याचे पेले ठेवले.

“काय झालं होतं त्यांना?” बाईंनी विचारलं.

“छातीत कफ भरला, वहिनी,” भावोजी म्हणाले. “खाली रस्त्यावर शत्रूची छावणी होती. खोकला आला की तो तोंडात टॉवेल कोंबायचा.”

“शेवटी काही बोलले?”

“बोलायचं नसतं तिथे. हात दाबून सांगायचो. एकदा दाबलं की ठीक आहे, दोनदा दाबलं की मदत हवी. तो शेवटपर्यंत एकदाच दाबत होता.”

बाई बराच वेळ हाताच्या तळव्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “खोटारडेच होते. घरीही तसेच. भाऊ, मला जागा दाखवा.”

भावोजींचं बोट नकाशावर भराभर चाललं. हा ओढा, हे त्याचं वळण, ही कातळाची धार, तिच्याखालचा गवताळ चढ. तिथे बोट थांबलं.

“या चढावर कुठे?” साहेबांनी विचारलं.

“या चढावर,” भावोजी म्हणाले.

“तो पाव डोंगर आहे. नेमकं कुठे?”

भावोजींनी बोट उचललं. “साहेब, बाकीचे दोघं पुढे निघाले. जागा लक्षात ठेव, म्हणून मला बजावलं. मी मागचा माणूस. गवताचे चौकोन कापून ठेवले होते, ते परत बसवले. उरलेली माती पोत्यात भरून ओढ्यात सोडली. पातं न् पातं उभं केलं. कुणाला सापडला असता तर आम्ही तिघं मेलो असतो, म्हणून जीव ओतून केलं. मग मागे वळून बघितलं तर मलाच दिसेना.” ते बाईंकडे वळले. “आणि वहिनी, मला बरं वाटलं. काम चोख झालं म्हणून. त्या समाधानात खूण घ्यायची राहिली.”

ताई चहा पुन्हा गरम करायला उठली. कुणी मागितला नव्हता.

बाई रडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “त्यांना वस्तू जागेवर ठेवा म्हणून जन्मभर ओरडले मी. आता तेच जागेवर नाहीत. तुम्ही जाऊन बघा, भाऊ. पाय ठेवलात की आठवेल.”

त्या वर्षी भावोजी शोधणाऱ्या तुकडीबरोबर गेले आणि हात हलवत परत आले. “चढावर आता झाडं लावलीत,” मला एवढंच सांगितलं. “कुठेही उभं राहिलं की वाटतं इथेच. पोरं बिचारी मी दाखवीन तिथे खणतात.” बाईंचा फोन दर आठवड्याला यायचा. त्या कधी चिडल्या नाहीत. “काही आठवलं का, भाऊ?” एवढंच विचारायच्या. भावोजी म्हणायचे, “अजून नाही, वहिनी,” आणि फोन ठेवायचे. कधी अंगणात उकिडवे बसून गवतावरून हात फिरवत राहायचे. ताई खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची.

पुढच्या वर्षी साहेबांनी कळवलं की ही शेवटची खेप, परवानगी पुन्हा वाढणार नाही. डॉक्टरांनी भावोजींचं हृदय तपासून जायला साफ मनाई केली होती. ताईने आकांत केला. “स्वतःचे गुडघे बघा! मेलेल्यापायी मरायला निघालात?”

“मेलेला नाही गं, हरवलेला आहे,” ते म्हणाले. “आणि माझ्या हाताने हरवलाय.”

गेले. तिथे चौथ्या का पाचव्या दिवशी दुपारी दम लागला म्हणून चढावर टेकले, ते टेकलेच. त्यांना पेटीतून आणलं. रेडिओची बायको आली होती. तिने आधी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. काही सापडलं नव्हतं. मग ती ताईजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, “मी पाठवलं त्यांना.”

ताई म्हणाली, “माझं ऐकलं नाही कधी, तुमचं काय ऐकणार होते? स्वतःहून गेले.” मी कपबश्या घेऊन उभा होतो. कुठे ठेवाव्यात ते कळेना.

याहून जास्त मला माहीत नाही. माझं आणि त्यांचं शेवटचं बोलणं बसस्थानकावर झालं. काहीतरी बोलावं, थांबवावं असं मनात होतं, पण असं मला कधी जमलेलं नाही. ते खिडकीशी बसले. मी खाली उभा.

“पाण्याची बाटली घेतलीत ना?” मी विचारलं.

“घेतली.”

“पोचल्यावर फोन करा.”

“करतो. तू आता उन्हात थांबू नकोस, नीघ. बस काय, सुटेल तेव्हा सुटेल.”

“बरं,” मी म्हणालो.