थरथरत्या अंगठ्याएवढं बटन

अक्का कुठलीही वेबसाइट आधी मोठ्या पडद्यावर बघायच्याच नाहीत. कुणी कितीही हौसेनं "अक्का, हे बघा ना" म्हणत लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, तरी त्या मान फिरवायच्या आणि टेबलाचा खालचा खण ओढायच्या. त्या खणात मोबाइल असायचे. जुने, टवके उडालेले, एकाची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली, एकाची पाठ रबर लावून धरून ठेवलेली. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी ते एकेक करून जमवले होते. त्यातला सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मंद फोन त्या उचलायच्या, त्यावर ते पान उघडायच्या आणि म्हणायच्या, "मोठ्या पडद्यावर कुणीबी देखणं दिसतं गं. हितं कसं दिसतंय ते सांग."

लातुरात औसा रोडला, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर आमचं वेबसाइट करण्याचं ऑफिस होतं. तिथलं सगळं काम अक्कांच्या हाताखालून जायचं. मालकांपासून चहा आणणाऱ्या काकांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. त्या मूळच्या शिरूर अनंतपाळच्या. वडील तिथल्या एका वसतिगृहात शिपाई होते, आणि अक्का त्यांच्या घरातल्या पहिल्या इंजिनियर. पुण्यात काही वर्षं चांगली नोकरी करून त्या परत आल्या होत्या. का आलात, असं विचारलं की म्हणायच्या, "तिथल्या साइट तिथली माणसं बघतेत. माझी माणसं हितं हायत." फोनवर वडिलांना "जयभीम दादा" म्हणताना त्यांचा आवाज एकदम शाळकरी मुलीसारखा व्हायचा. एरवी त्या आवाजाला आम्ही सगळे वचकून असायचो.

मी कॉम्प्युटरची पदवी घेऊन नुकतीच तिथं लागले होते. चाकूरहून रोज बसनं ये-जा करायची. माझं पहिलं काम होतं एका साडीच्या दुकानाची वेबसाइट. तीन रकाने, वर सरकणारे मोठे फोटो, कडेला नक्षी. मला तर ते पान साडीपेक्षा सुंदर वाटत होतं. अक्कांनी ते बघितलंच नाही. तडकलेल्या काचेचा फोन घेतला, मला म्हणाल्या, "चप्पल घाल," आणि भर दुपारी मला घेऊन थेट बसस्थानकात गेल्या.

तिथं बाकावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन निलंग्याच्या गाडीची वाट बघत होत्या. अक्का त्यांच्याशेजारी बसल्या. दोन वाक्यांत ओळख काढली, गाव विचारलं, आणि फोन त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "मावशी, ह्यात साड्या हायत. एखादी आवडती का बघा बरं." माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तू बोलायचं न्हाई. नुसता त्यांचा अंगठा बघायचा."

मी बघत राहिले. उन्हानं काच चकाकत होती. माझी फिकट राखाडी अक्षरं त्या उन्हात विरघळून गेली होती. मावशींचा अंगठा वर गेला, खाली आला, एका फोटोवर थांबला. फोटोचा अर्धा भाग पडद्याच्या बाहेर होता. त्यांनी तो चिमटीनं लहान करायचा प्रयत्न केला, तर सगळं पान मुंगीएवढं झालं. थोडा वेळ खटपट करून त्यांनी फोन परत दिला आणि फार मायेनं म्हणाल्या, "बाई, तुमचा फोन बिघडलाय वाटतं."

परत येताना अक्का एवढंच बोलल्या. "बघितलंस? माणूस आपल्याला नाव ठेवत न्हाई. स्वतःलाच न्हाई तर फोनलाच नाव ठेवतंय. म्हणून आपली चूक आपल्याला कधी कळत न्हाई."

त्यानंतर त्यांनी मला काम शिकवलं. पडद्यावरच्या प्रत्येक गोष्टीला मी ठरावीक रुंदी द्यायची, ती सवय त्यांनी आधी मोडली. "एसटीत तिघांच्या सीटवर चौथी बाई आली तर कुणाला कापतेत का? सरका जरा म्हणतेत, अन् सगळे सरकतेत. तुझ्या पानाला सरकायला शिकव." मग रकान्यांना मापं न देता वाटे द्यायचे, फोटोला सांगून ठेवायचं की आपल्या चौकटीबाहेर पाय पसरायचा नाही, जागा कमी पडली तर शेजारच्या रकान्यानं निमूट खाली उतरायचं. ऑफिसात आम्ही या सगळ्याला 'सरका जरा' असंच म्हणायला लागलो.

दुसरी त्यांची सवय मला जास्त थक्क करायची. पानाची मांडणी नेमकी कुठल्या रुंदीला बदलायची, यासाठी आम्ही बाजारातल्या फोनांची मापं शोधत बसायचो. अक्का मात्र कॉम्प्युटरवर उघडलेल्या खिडकीची कड माउसनं पकडून ती अगदी सावकाश आत ओढत न्यायच्या. डोळे बारीक करून बघत राहायच्या. एखाद्या ठिकाणी शब्द एकमेकांना धक्के द्यायला लागले की हात थांबायचा. "हितं दुखतंय त्याला. हितंच बदल कर. उद्या दुसरा फोन येईल, त्याच्या मापानं किती दिस पळशील?" पान जणू त्यांच्याशी बोलायचं. त्यांनी सांगितलेल्या जागी बदल केला की ते कुठल्याही पडद्यावर, आम्ही कधी न बघितलेल्या फोनवरसुद्धा, नीट बसायचं. मी पुष्कळ हुशार माणसं बघितली, पण असा हात पुन्हा बघितला नाही.

मग करोनाची दुसरी लाट आली. ऑफिस बंद, आम्ही आपापल्या गावी. त्या दिवसांत नांदेडच्या काही डॉक्टरांनी आमच्या मालकांना गाठलं. कुठल्या दवाखान्यात खाट रिकामी आहे हे लोकांना कळेल असं एक पान त्यांना हवं होतं, आणि लगेच हवं होतं. अक्का शिरूरला वडिलांच्या घरी होत्या. नेटवर्क फक्त गच्चीवर यायचं, म्हणून डोक्यावर ओला टॉवेल घेऊन त्या भर उन्हात पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसलेल्या. मी चाकूरला. तिकडून त्यांचं सांगणं, इकडून माझे हात.

डॉक्टरांनी एक मोठा तक्ता पाठवला होता. दवाखाना, पत्ता, खाटांचे प्रकार, ऑक्सिजन, फोन, शेरा. माहिती अगदी चोख. फोनवर आम्ही तिघं होतो.

"डॉक्टर, माहिती सोळा आणे हाय," अक्का म्हणाल्या. "पण ज्याचा माणूस गाडीत पडलाय, तो बोटानं तक्ता आडवा सरकवत बसंल का?"

डॉक्टर थकलेले होते. म्हणाले, "मग यातलं काढायचं तरी काय? सगळंच लागतं."

"काढायचं काहीच न्हाई. मागं ठेवायचं. आधी जागा हाय का न्हाई, मग दवाखान्याचं नाव, मग फोन. एकाखाली एक. ज्यांच्याकडं जागा हाय ते वर. बाकीचं ज्याला पाहिजे तो उघडून बघंल."

मग डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणता तसंच करा."

मी पान केलं. फोटो नाहीत, बोधचिन्हं नाहीत, जेमतेम रेंज असलेल्या गावातही उघडेल इतकं हलकं. दवाखान्याला फोन लावायचं बटन मी नाजूक, गोलसर केलं होतं. अक्कांनी ते बघितलं आणि विचारलं, "हे कुणाच्या बोटासाठी केलंस?"

"सगळ्यांच्याच, अक्का."

"सगळे घाबरलेले असणार हायत गं. घाबरलेल्या माणसाचा अंगठा थरथरतोय. त्याला नेमकं दाबता येत न्हाई. थरथरत्या अंगठ्याएवढं कर."

मी बटन पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नेलं. हिरवं. त्यावर एवढंच लिहिलं, 'फोन लावा'.

आणखी एका गोष्टीवर त्या अडून बसल्या. कुठंच खाट नसेल तेव्हा काय दाखवायचं? खाटांचे आकडे भरायला मदतीला आलेल्यांपैकी कुणी म्हणालं, काहीच दाखवू नका, लोक हबकतील. अक्कांना ते पटलं नाही. "हबकू द्या. पण माणसाला गाडीत घालून गावभर फिरू नका, हे तर कळू द्या." म्हणून 'या घडीला कुठेही जागा नाही' हे वाक्य सगळ्यांत मोठ्या अक्षरात घालायचं ठरलं, आणि त्याखाली डॉक्टरांशी बोलण्यासाठी एक नंबर. पुढच्या दिवसांत ते वाक्य कितीदा तरी वर आलं.

पुढे गाड्या सुरू झाल्या. एकदा लातूरहून घरी जाताना शेजारी एक बाई बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी नवऱ्याच्या आजाराचं सांगितलं. जीपमध्ये घालून नांदेडला नेत होते, आणि जायचं कुठं हेच माहीत नव्हतं. "भाच्यानं फोनवर कायतरी पाठिवलं होतं. माझ्या फोनची काच खालून फुटलेली. वाचायबी सुधरत नव्हतं. हिरवं दिसलं, दाबलं. पलीकडून बाई बोलली, या म्हणून." नवरा आता शेतात जाऊ लागला होता. मी खिडकीबाहेर बघत बसले. डोळे सारखे भरून येत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकल्या टाकल्या मी हे अक्कांना सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काच खालून फुटली होती म्हणालीस? बटन वर होतं म्हणून लागलं मग." आणि थोड्या वेळानं, "ज्याला लागलं न्हाई ना, तो बसमध्ये सांगायला येत न्हाई. त्याचीबी याद ठेव."

त्याच सुमारास मला एक गोष्ट जाणवायला लागली. कडेला ठेवलेला चहा अक्कांच्या हातानं सांडायचा. दारातून आत आलेलं माणूस त्यांना समोर येईपर्यंत दिसायचं नाही. पडद्यावरची अक्षरं त्या इतकी मोठी करून ठेवायच्या की एका ओळीत चार शब्दसुद्धा मावायचे नाहीत. मला वाटायचं, हीसुद्धा तपासण्याचीच एखादी तऱ्हा असेल. एक दिवस मी विचारलंच.

"डोळ्याच्या कडा जाऊन राहिल्यात," त्या हवापाण्याचं सांगावं तशा म्हणाल्या. "पुण्यालाच कळलं होतं. मधलं तेवढं उरलंय. तेबी जाईल म्हणतेत डॉक्टर."

माझा रडवेला चेहरा बघून त्यांनीच मला शेजारी बसवलं. "रडायचं नंतर. आधी गंमत बघ." त्यांनी मोठ्या पडद्यावर आमचंच एक पान उघडलं आणि अक्षरं वाढवत नेली. अक्षरं वाढली तसे रकाने आपणहून एकाखाली एक उतरले, फोटो आकसले, मजकूर एका सरळ पट्टीत आला. भल्याथोरल्या पडद्यावर पान मोबाइलवर दिसतं तसं दिसायला लागलं. एकही शब्द बाहेर गेला नाही. मग त्यांनी दुसऱ्या कुणाची तरी एक झगमगीत साइट उघडली. अक्षरं वाढवताच तिचं अर्धं अंग पडद्याबाहेर गेलं.

"अक्षर मोठं केलं की पानाला वाटतं, पडदाच लहान झाला. लहानासाठी ज्यानं नीट केलं, त्याचं माझ्यासाठीबी नीट झालं." त्या हसल्या. "मी साध्या फोनवाल्या माणसासाठी करत होते. मला काय ठाऊक, त्या रांगेत मीच उभी हाय म्हणून."

मी त्या पडद्याकडे बघत राहिले. बाजूची नजर गमावलेली ही बाई रोज खिडकीची कड ओढत आम्हाला पानाच्या कडा सांभाळायला शिकवत होती, आणि आमच्यातल्या कुणालाही संशय आला नव्हता.

पुढच्या वर्षी अक्कांनी ऑफिस सोडलं. नांदेडला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी भाषण करा म्हटलं तर केलं नाही, शाल घालू म्हटलं तर घालून घेतली नाही. मी त्यांना बसस्थानकावर सोडायला गेले. विचारलं, "अक्का, आता आमची पानं कोण बघणार?"

"तू बघ. अन् मला पाठिव. मी ऐकते."

तेव्हा मला वाटलं, मन राखायला म्हणाल्या असतील.

मागच्या उन्हाळ्यात मी नांदेडला त्यांच्याकडे गेले. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. त्या एका संस्थेत, ज्यांना दिसत नाही अशा मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनी स्वतः चहा केला, न सांडता कपात ओतला, आणि विचारलं, "काय आणलंस?" मी एका महाविद्यालयाच्या प्रवेशाची साइट केली होती. लहानमोठ्या प्रत्येक पडद्यावर तपासून घेतलेली. माझ्या हाताखाली आता चार पोरं आहेत, त्यांनाही ती दाखवून झाली होती. मनातून मी खूश होते.

अक्कांनी ती फोनवर उघडली आणि फोन कानाशी धरला. फोन पडद्यावरचं वाचायला लागला, इतक्या वेगानं की मला एक अक्षर कळेना. अक्कांचा चेहरा मात्र पूर्वी खिडकीची कड ओढताना व्हायचा तसा झाला होता, स्थिर, कान देऊन बसलेला. मध्येच त्या म्हणाल्या, "चित्राला नाव न्हाई दिलंस. चित्रात काय हाय ते सांगायचं सोडून हा फायलीचे नुसते आकडे वाचून राहिलाय." पुन्हा ऐकू लागल्या. मग त्यांनी बोटानं आवाज सावकाश केला, माझ्यासाठी.

फोन म्हणत होता, "इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा."

अक्कांनी फोन खाली घेतला. "लई छान केलंस. पण मला एवढं सांग पोरी, इथं म्हंजे कुठं?"

माझं बोट आपोआप पडद्याकडे गेलं आणि अर्ध्यातच थांबलं. मी लॅपटॉप उघडला, त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसले, आणि एकेका 'इथे'च्या जागी तिथं काय आहे ते लिहीत, मोठ्यानं वाचत गेले. अक्का ऐकत होत्या.