साडूंचा गवा

अख्ख्या जिल्ह्याची काळजी वाहायला सरकारने एकच माणूस नेमला होता, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. शाहूवाडीकडच्या जंगलात ते वनरक्षक होते. माझ्या लग्नात ते दाराकडे तोंड करून जेवले, आचाऱ्याला चुलीजवळचा पाचोळा झाडायला लावला आणि मला कानात म्हणाले, "पावणं, वणव्याचं दिस हाईत. फटाकं नगा उडवू." कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुठला आलाय वणवा! पण वरात मुकाट्याने गेली.

ही सगळी काळजी एका गव्यापुढे किरकोळ होती. भात निसवून लोंब्या दिसल्या की कळपातून फुटलेला एक म्हातारा गवा शिवारात उतरायचा आणि वैतागलेले शेतकरी बांधावर तार ओढून करंट सोडायचे. नोटिसा झाल्या, दमदाटी झाली. दिवसा तार गायब, दिवेलागणीला पुन्हा हजर. शेवटी साडूंनी चावडीपुढे जाहीर केलं, "आजपास्नं रोज सांजंला मी बत्ती न घेता समद्यांच्या बांधावरनं चालणार हाय. करंट सोडायचा तर सोडा."

"खुळं का काय सायेब? तुमास्नी कायतरी झालं म्हंजे?"

"म्हंजे गवा वाचंल की."

त्या हंगामात मी त्यांच्याकडे गेलो होतो. साडू बाहेर पडले आणि आक्का, म्हणजे त्यांची बायको, उंबऱ्यात येऊन बसली. चुलीवरचा चहा आटून गेला तरी उठेना. एखाद्याने रागाच्या भरात बटण दाबलं तर, या विचाराने मीही तिच्या शेजारी जाऊन बसलो. तेवढ्यात लांबून हाळी आली, "सायेब फुडं गेलं वोऽऽ!" मग पुढच्या शेतातून तशीच. आपल्या बांधावर ही बला नको म्हणून प्रत्येक जण पुढच्याला सावध करत होता. शेवटची हाळी आली तेव्हा आक्का उठली आणि तिने नवा चहा टाकला. "त्या मुडद्या गव्याला बी कायतरी वाटाय पायजे," ती म्हणाली. डोळे पुसले ते मात्र धुराच्या नावावर.

गवा वाचला. साडू निवृत्त होऊन आता कोल्हापुरात राहतात. भाताच्या दिवसांत सांज झाली की गॅलरीतल्या गॅलरीत येरझाऱ्या घालतात. परवा मी विचारलं, "तिकडं नवा गार्ड कसा आहे?"

"पोरगं चांगलं हाय. जीपमधनं फिरतंय," ते म्हणाले. "पर जीपला करंट बसत न्हाय की, पावणं. तार कोण कशाला काढंल?"

आतून आक्काने चहाला हाक मारली. चहा थंडगार होईस्तोवर साडू आत गेले नाहीत.