इर्मा लाहटीने बदलायला लावलेलं पत्र

इर्मा लाहटीने आमच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना सत्तावीस वर्षं गणित शिकवलं, आणि तेही सकाळी आठला. आठचा वर्ग कुणालाच नको असतो. ती तो मागून घ्यायची. "आठ वाजता माणूस थापा मारण्याइतका जागा झालेला नसतो," असं तिचं म्हणणं.

मी ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, विद्यार्थी साहाय्य कक्षात बसतो. काम सांगायला सोपं आहे. एखाद्या मुलाचं गाडं अडलंय असं शिक्षकाला वाटलं, की त्याने संगणकावर त्या नावापुढे झेंडी लावायची. ती माझ्याकडे येते. मग मी मुलाला पत्र पाठवून बोलावतो आणि शिकवणी, समुपदेशक, डॉक्टर, जे लागेल ते जुळवून देतो. झेंडी चौथ्या आठवड्याच्या आत आली, तर बहुतेक पोरं सावरतात. आठव्यात आलेल्या झेंडीला इर्मा शोकसंदेश म्हणायची.

बाकीचे प्राध्यापक दोन शब्द लिहून मोकळे होत: प्रगती असमाधानकारक. इर्माच्या झेंडीवर चार ओळी असत. एकदा तिने लिहिलं होतं, "चाचणीत वीसपैकी सोळा. पण सगळी मुलं पानावर खाडाखोड करतात, हा करत नाही. जे येणार नाही असं वाटतं, ते हा सुरूच करत नाही. बोलवा." वीसपैकी सोळा मिळवणाऱ्याला कशाला बोलवायचं, असं मनात आलं, तरी बोलावलं. पोरगं माझ्यासमोर बसलं आणि म्हणालं, "मला पुढचं काहीच कळत नाहीये. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

विभागप्रमुख हॅरल्ड पेल्टियर तिची चेष्टा करायचा. "इर्मा, तू गणित शिकवतेस की पोरांची नाडी बघतेस?"

"नाडी लागत नसेल, तर गणित कुणाला शिकवू?"

हे तिला आपसूक जमत नव्हतं. त्यामागे तिची स्वतःची नऊ वर्षं होती. अठराव्या वर्षी ती याच विद्यापीठात शिकायला आली होती. वडील लाकडाच्या गिरणीत, आई घरी. कॉलेजचं तोंड पाहिलेलं घरात कुणीच नाही. प्राध्यापकांच्या दारांवर पाटी असायची, 'भेटण्याची वेळ तीन ते पाच'. इर्माला वाटलं, त्या वेळात सर मोठमोठ्या लोकांना भेटत असणार, आपण मध्ये जाऊ नये. म्हणून ती नेमकी त्या दोन तासांत त्या मजल्यावर पाऊलसुद्धा टाकायची नाही. डिसेंबरात तीन विषयांत नापास झाल्याचं पत्र घरी आलं. वडिलांनी ते वाचलं, घडी घालून फडताळात ठेवलं आणि म्हणाले, "इस्पितळाच्या धुलाईखान्यात माणसं घेतायत." तिने नऊ वर्षं चादरी धुतल्या. अठ्ठाविसाव्या वर्षी परत आली आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक सरांचं दार वाजवलं.

"त्या पहिल्या वर्षी कुणी एकाने विचारलं असतं, की बाई, तू येत का नाहीस," ती मला एकदा म्हणाली, "तर नऊ वर्षं वाचली असती. नुसतं विचारायचं होतं."

आता कोरिनची गोष्ट. कोरिन कडॉट चौतीस वर्षांची. तिला स्थापत्य अभियंता व्हायचं होतं आणि जानेवारीत ती इर्माच्या आठच्या वर्गात आली. पहिले दोन तास पुढच्या बाकावर बसून भराभर प्रश्न विचारले. मग गायब. मग एक दिवस हजर, मग पुन्हा दोन दिवस नाही. तिसऱ्या आठवड्यात इर्माने झेंडी लावली: "डोकं उत्तम. येते तेव्हा सगळ्यांच्या पुढे असते. काहीतरी आड येतंय, ते शोधा." मी नेहमीचं पत्र पाठवून दिलं.

चार दिवसांनी वर्ग सुटल्यावर कोरिन इर्माच्या टेबलापाशी आली. हातात विषय सोडण्याचा अर्ज.

"इथे सही करा, बाई."

"का सोडतेस?"

"आता का विचारता? तुम्हीच तर कळवलंत ना वर, की ही बया नापास होणार."

"मी असं काही कळवलं नाही."

कोरिनने फोन पुढे धरला. इर्माने चष्मा लावून वाचलं. "आमच्या नोंदींनुसार आपण सदर विषयात अनुत्तीर्ण होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळून आले आहे. आपण तात्काळ पावले न उचलल्यास आपल्या प्रवेशावर परिणाम होऊ शकतो." खाली सही नव्हती, नुसतं कक्षाचं नाव. इतकी वर्षं ती झेंड्या लावत होती, पण पलीकडे मुलाच्या हातात नेमकं काय पडतं, ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

"मी तिथे कौतुक लिहिलं होतं तुझं," ती म्हणाली.

"हे कौतुक?"

"नाही. हे लाजिरवाणं आहे. बस जरा. सही मागितलीस तर देईन, पण आधी एक सांग. नोकरी काय करतेस?"

"काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवते. सहा इंचांच्या वर पडला की पहाटे तीनला बाहेर. दुपारपर्यंत सुटका नाही."

इर्माने हजेरीपट उघडला आणि मागच्या दिवसांचं हवामान काढून शेजारी ठेवलं. कोरिन न आलेला प्रत्येक दिवस जोरदार बर्फाचा होता.

"माझ्या फाटकासमोर तो ढीग घालतेस ती तूच?"

"कॉपर रोडवर? हो, मीच," कोरिनला हसू आलं. "माफ करा."

"मग दुपारी दोनच्या वर्गात जा. पेल्टियर सर तोच भाग शिकवतात."

"तो भरलाय. आणि मला सवलत नकोय, बाई. कुणाच्या दयेवर नाही शिकायचं."

"सवलत कसली? तू रस्ता मोकळा करतेस म्हणून माझी बाकीची एकोणतीस पोरं आठला पोचतात. तूच तेवढी मागे राहावीस, हा कुठला हिशोब?"

कोरिनने अर्ज घडी करून खिशात घातला. फाडला मात्र नाही.

हॅरल्डने वर्गात एक खुर्ची वाढवली. "माणसं जास्त झाली म्हणून अग्निशमनवाले ओरडतील," एवढं तो पुटपुटला. मग इर्मा जिना उतरून माझ्याकडे आली. हातात निसू, म्हणजे वेलदोडा घातलेला गोड फिनिश पाव होता. घरात भाजला की ती मला अर्धा आणून द्यायची. त्या दिवशी तो टेबलावर न ठेवता हातातच धरून उभी राहिली.

"हे पत्र कुणी लिहिलंय?"

"मीच," मी म्हणालो. "सहा वर्षांपूर्वी. विधी विभागाने तपासून दिलंय."

"मोठ्याने वाच."

मी वाचायला लागलो आणि 'आढळून आले आहे' ला थांबलो. आवाज माझाच होता, पण एखाद्या गुन्ह्याची नोंद वाचतोय असं वाटत होतं.

"माझ्या वडिलांनी फडताळात ठेवलं ते पत्रही असंच होतं," ती शांतपणे म्हणाली. "बस. आत्ताच नवीन लिहू."

आम्ही तीन दुपारी त्यावर घालवल्या. शेवटी उरलं ते असं: "तुमच्या गणिताच्या बाईंनी तुमची चौकशी केली. हा विषय तुम्हाला जमेल असं त्यांना वाटतं, पण सध्या काहीतरी आड येत असावं. अशी चौकशी दर सत्रात पुष्कळांची होते. त्याची नोंद गुणपत्रकावर होत नाही. मी ग्रंथालयाच्या तळमजल्यावर रोज दहा ते चार असतो. या, बोलू." खाली माझं नाव आणि फोन. शिवाय शिक्षकाने झेंडीवर लिहिलेलं एक तरी चांगलं वाक्य पत्रात जसंच्या तसं घालायचं, असा नियम तिने करून घेतला. दोन शब्दांत झेंडी लावणाऱ्यांची त्यामुळे फार पंचाईत झाली.

विधी विभागाच्या बाई बैठकीत म्हणाल्या, "पण यात इशारा कुठे आहे? उद्या मूल नापास झालं आणि म्हणालं, मला कुणी सावध केलं नाही, तर?"

"तुमच्या इशाऱ्याने किती मुलं खाली कक्षात येतात, ते यांना विचारा," इर्मा म्हणाली.

मी आकडा सांगितला. आदल्या सत्रात बेचाळीस पत्रं, आलेली मुलं नऊ. पत्र एका सत्रापुरतं मंजूर झालं. त्या सत्रात अडतीस पाठवली, सव्वीस मुलं आली. मग ते कायमचं झालं.

सगळेच सावरले असं नाही. ट्रेव्हर नावाच्या एका मुलाला इर्माने तीनदा झेंडी लावली, मी फोन केले, वसतिगृहावर जाऊन आलो. तो भेटला नाही आणि मार्चमध्ये खोली रिकामी करून गेला. का, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. इर्माने त्याच्या नावापुढे 'सोडून गेला' असं लिहिलं नाही. 'परत येऊ शकतो' असं लिहिलं.

कोरिन त्या सत्रात कशीबशी पास झाली आणि त्याचा तिला राग आला. पुढचा भाग तिने पुन्हा हॅरल्डकडेच घेतला आणि वर्गात दुसरी आली. हिवाळ्यात गाडी चालवत, एकेक विषय घेत, सात वर्षांनी पदवी मिळवली. आता त्याच काउंटीचे पूल तपासते.

इर्मा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. गेल्या शरदात कोरिनने तिच्या घराजवळचा ओढ्यावरचा पूल दुरुस्तीसाठी तीन महिने बंद केला. इर्माला दुकानात जायला अकरा मैलांचा वळसा पडायला लागला. आळीतले लोक काउंटीत तक्रार करायला निघाले आणि वाटेत इर्माची सही घ्यायला थांबले.

"सही देणार नाही," ती म्हणाली. "तिच्या अहवालातले आकडे मी स्वतः तपासलेत. पूल बंदच हवा."