वरच्याला पाणी कुणी दिलं

हे मी कधी बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, देवापुढेसुद्धा नाही. आज सांगते — जमेल तसं.

महाडात तळ्याच्या पाण्यावरून माणसांची डोकी फोडली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो आमच्या वाडीवर आला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. भर दुपारी तो आभाळातून माळावर उतरला; गुरं राखणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दिसायला माणूसच, पण सावली पडत नव्हती आणि पोटाला बेंबी नव्हती. लोक घाबरले असतील असं वाटतं ना? नाही. चार दिवसांत सवय झाली. त्याला ‘वरचा’ म्हणायला लागले आणि लाकडं वाहायला लावलं. आमची बोलीही तो लवकर शिकला.

अडलं ते एकाच गोष्टीवर. तो काही खात नसे, नुसतं पाणी पीत असे. मग पाणी कुठलं द्यायचं — आमच्या विहिरीचं, की महारवाड्याच्या झऱ्याचं? पाटलांनी महाडाहून भटजी आणवले. त्यांनी त्याचं पोट नीट निरखलं आणि सांगितलं, बेंबी नाही म्हणजे आईच्या पोटी जन्म नाही. मग जात आणायची कुठून? तोवर त्याला विहिरीला शिवायची बंदी झाली. झऱ्यावरही जाऊ देईनात — न जाणो, मोठ्या जातीचा निघाला तर?

तो रोज चावडीवर जाऊन विचारी, “ठरलं काय?”

“नाय अजून,” पाटील म्हणत.

तो सुकत चालला. अंगाने लहान होत गेला, खरंच लहान. एका सकाळी तो माझ्या परड्यात कुडाला टेकून पडलेला दिसला. मी कळशीच त्याच्या तोंडाला लावली. मग रोजच लावू लागले. कुणी बघत नाही असं वाटत होतं मला.

कुणीतरी बघितलं. गावकी बसली. पाटलांनी सगळ्यांसमोर विचारलं, “तू दिलंस काय गो पानी?”

माझ्या लेकीचं, चंद्रीचं, लग्न ठरलं होतं. आम्हाला वाळीत टाकलं असतं — पण हे मी कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगते.

मी म्हटलं, “मी नाय. त्यानंच हिरीतून घेतलं. मी बघितलं.”

आता पुढचं कसं सांगू? त्याच्या मुलखात खोटं नसावंच. तो माझ्याकडे बघत राहिला — रागाने नाही, काही आठवत असल्यासारखा. मग हळूच म्हणाला, “बय बोलते म्हंजे मीच घेतलं आसंल. माझ्या ध्यानात नाय.”

स्वतःपेक्षा माझ्यावर त्याचा विश्वास जास्त होता.

त्याला घाटाच्या वाटेला हाकलला. विहीर शुद्ध करायला गोमूत्र लागलं, ते माझ्याच गोठ्यातून नेलं. चंद्रीचं लग्न ठरल्या दिवशी झालं.

पुढे गुराख्यांना तो खिंडीत मेलेला सापडला — तान्ह्या पोराएवढा उरलेला. त्याला कुठल्या मसणात न्यायचा, यावर पुन्हा गावकी बसली. काही ठरलं नाही, म्हणून तिथेच राहू दिला. खिंड माझ्या दारातून दिसते. मी गेले नाही.