अर्जुनरावांचा ताजा पाय

वरवट बकालच्या पुंजाजीनं वांग्यांसाठी नऊशे फूट बोअर मारला आणि कढत पाणी लागलं. वांग्यांचं जागीच भरीत झालं. गाव हसलं. पुंजाजीनं मात्र शेडमध्ये पाइप फिरवून त्यांतून ते पाणी खेळवलं आणि वर जाळ्यांवर मिरची वाळत घातली. ऐन पावसाळ्यातही ती खडखडीत वाळायची. निवलेलं पाणी नाल्यात जायचं.

पाणी किती कढत आहे हे तो पायानं मोजी. पहिल्या वर्षी बादलीत पाय घातला की चार म्हणेपर्यंत बाहेर. दहाव्या वर्षी आकडा पंधरावर गेला. पातळी उतरली म्हणून मोटारही दोनदा खाली सोडावी लागली. बोअर म्हातारा झाला, असं पुंजाजीनं जाहीर केलं.

"अवो, पानी नाही निवलं," त्याची बायको गोजरबाई म्हणाली. "तुमचा पाय निबर झाला."

हे त्याला इतकं पटलं की तो शेजारच्या अर्जुनराव मास्तरांचा पाय मागायला गेला. मास्तर जन्मभर मोजे घालणारे. त्यांचा कोवळा पायही चौदापर्यंत टिकला.

मग बुलढाण्याच्या कॉलेजातून भूगर्भशास्त्राच्या शरयूबाई थर्मामीटर घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, ऊब खडकाची असते, पाणी ती फक्त वर आणतं. रात्रंदिवस उपसलं तर पातळी उतरते आणि खडकाला पुन्हा तापायला सवडच मिळत नाही. निवलेलं पाणी परत खाली सोडा, पण लांबून.

पुंजाजीनं "लांबून" सोडून सगळं ऐकलं. पंचवीस हातांवरच्या कोरड्या बोअरमध्ये त्यानं पाणी सोडलं. पातळी चढली तशी त्यानं पेढे वाटले. महिन्याभरानं मास्तरांनी बादलीत पाय घातला, चाळीसपर्यंत मोजलं, आणि तिथंच त्यांना डुलकी लागली. मिरचीला बुरशी आली.

गार पाणी तापायच्या आतच वर येत होतं. शरयूबाईंनी शेताच्या पार टोकाचा जुना बोअर दाखवला. एवढ्या लांब कशाला, म्हणून पुंजाजी कुरकुरला.

"त्याले पायी येऊ द्या," गोजरबाई म्हणाली. "वाटेनं तापत येईन."

आपल्याला हे शिकवायला दोन तास लागतात, असं शरयूबाई म्हणाल्या.

पुंजाजीनं निवलेलं पाणी त्या टोकाच्या बोअरमध्ये सोडलं, उपसा कमी केला, आठवड्यातले दोन दिवस मोटार बंद ठेवली. तीन वर्षांत आकडा अकरावर आला आणि तिथंच थांबला. बंदच्या दिवशी शेडवर पाटी असते : 'जमीन झोपली आहे.' गिऱ्हाइकं चपला हातात घेऊन परत जातात.